पुरवून खायच्या गोळ्या

धाड गावच्या सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीमागे बसणारा तो माणूस गोळ्या देत नाही, जाहीर सभाच घेतो. बाजाराच्या दिवशी भाजीवाल्यांनीही हार मानावी असा आवाज! परवा माझ्यापुढच्या म्हातारीच्या पिशवीत बीपीच्या जुन्या गोळ्या उरलेल्या दिसल्या आणि तो कडाडला, "काऊन वं माय, चक्कर येऊन पडाचं हाये का?"

"दिवसाआड खातो बापू. आज नागा. उद्या सरकारनं फुकट देनं बंद केलं, त मले कोन देईन?"

"मी हाये ना इथं!"

"तुही बदली झाली त?"

तो मग खिडकीबाहेर आला, स्वतःची पाण्याची बाटली उघडून हळूच म्हणाला, "आज त हाये ना? घे, माह्यासमोर."

रांगेतले आम्ही सगळे गोळी उतरते का म्हणून तिच्या गळ्याकडे बघत राहिलो.