नळात अडकलेलं धान

"पानी आलं समजा," असं म्हणून आमचे नळमास्तर कोरड्या नळाखाली ओंजळ धरत, घोटभर पीत आणि मिशा पुसत. पोरं हसली की विचारत, "काहून हासून राहिले बे? खारं लागलं का?"

सत्तरच्या दशकातली गोष्ट. देशाला प्लंबर फार लागणार आहेत असं वरच्या कार्यालयाने ठरवलं, आणि आमच्याकडे प्लंबरचा वर्ग निघाला. तुमसरच्या रस्त्याला, एका राइस मिलला लागून असलेल्या टिनाच्या शेडमध्ये आमची प्रशिक्षण संस्था भरे. मी तिथला स्टोअरकीपर. पाइप आले, पाने आले, पेटीभर नळ आले. पाणी मात्र नव्हतं. गावची पाइपलाइन आमच्यापर्यंत पोचलीच नव्हती. अंगणात एक विहीर, तेवढीच. टाकीसाठी अर्ज केला तर उत्तर आलं, "आपल्या नळजोडणीचा क्रमांक कळवावा."

मास्तर मूळचे आसगावचे, स्वभावाने थंड. ते पोरांना पाइपाला आटे पाडायला शिकवत, जोडावर सूत गुंडाळायला शिकवत आणि मग जोडाला कान लावत. "गळून राहिला," म्हणत. कोरडा पाइप गळेल कसा, हे तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं.

"तुमाले आयकू नाही येत, स्टोअरवाले. मले येते."

आणि जोड उघडला की आतलं सूत खरोखरच ढिलं निघे.

मग एका वर्षी पत्र आलं. यंदा प्रात्यक्षिक परीक्षा वाहत्या पाण्यावर होईल, आणि निकाल वाईट लागला तर वर्ग बंद. सोळा पोरं होती. त्या दिवशी मास्तरांनी जेवणाचा डबा उघडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी ते शेजारच्या मिलमधून एक ड्रम ढकलत घेऊन आले. उसना, म्हणजे उकडा तांदूळ करायला मिलवाले त्यात धान भिजवत. तो ड्रम त्यांनी विहिरीजवळच्या चिंचेच्या बेचक्यात दोरांनी आवळून बसवला आणि पोरांनी शिडीवरून बादल्या पोचवून तो भरला. आमची पाण्याची टाकी झाली.

नागपूरहून परीक्षक साहेब आले. पहिला नंबर आंधळगावच्या एका दांडग्या गड्याचा. त्याने जोडणी झकास केली आणि नळ उघडला. एक थेंब नाही.

"पाणी?" साहेबांनी विचारलं.

"आलं समजा, साहेब," मास्तर सवयीने बोलून गेले.

"मी नाही समजणार."

मास्तरांचा चेहरा उतरला. पण तो गडी खाली बसला आणि पाइपाला कान लावत जोडाजोडाने सरकू लागला. तिसऱ्या वळणाशी थांबून म्हणाला, "मास्तर, इथं अडकून राहिलं." त्याने जोड उघडला. ड्रमच्या तळाचं फुगलेलं धान मूठभर बाहेर पडलं आणि मागोमाग पाण्याचा लोट थेट साहेबांच्या बुटांवर.

साहेब ओल्या बुटांनी तसेच उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत चमक आली होती. "अडथळा शोधायलाही शिकवता तुम्ही? कोणत्या अभ्यासक्रमात आहे हे?"

मास्तरांनी धानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "आमच्याकडं पयलेपासून आहे, साहेब."

साहेब न्यायी माणूस. एकाला जी अडचण, तीच सगळ्यांना, असं ते म्हणाले. मग मी मिलमध्ये पळालो आणि भिजलेलं धान घेऊन आलो. उरलेल्या पंधरा जणांच्या पाइपांत आम्ही ते मोजून मूठ-मूठ कोंबलं. सोळाही पास झाले.

पुढच्या वर्षी वरून परिपत्रक निघालं: "प्रशिक्षणाचा दर्जा सुधारण्यासाठी प्रत्येक परीक्षार्थीच्या जोडणीत एक मूठ भिजवलेले धान अडकवण्यात यावे." त्यावर कुठल्याशा जिल्ह्याने विचारलं, आमच्याकडे धान पिकत नाही, ज्वारी चालेल काय? ते पत्र फिरत फिरत आमच्याकडेच आलं. मास्तरांनी तीन दिवस पाइपात ज्वारी कोंबून पाहिली आणि मग मला उत्तर सांगितलं, "लिवा. ज्वारी चालत नाही. वाहून जाते."

ऐंशी सालानंतर त्यांची दूर बदली झाली. तिथेच ते गेले; मला महिन्याभराने कळलं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बदलीच्या दिवशी, स्टेशनावर. पेटी आणि वळकटी डब्यात चढवून झाली होती. फलाटावरचा नळ ठिबकत होता. मी चहा घेऊन येईपर्यंत मास्तरांनी पिशवीतला पाना काढून तो नळ पुरता उघडून हातात घेतला होता. पाणी उसळत होतं आणि गाडीने शिटी दिली.

"मास्तर, चला. गाडी सुटली."

"अन् हे असं टाकून जाऊ?"

"पेटी गेली ना तुमची."

"जाऊ द्या जी. पेटीवर पत्ता लिवला आहे."

गाडी गेली. दुसरी संध्याकाळी होती. थोड्या वेळाने नळ घट्ट बसला. मास्तर चिंब भिजले होते. ओला सदरा बाकाच्या पाठीवर वाळत टाकून ते बनियनवर मांडी घालून बसले, आणि पाणी भरायला येणाऱ्या एकेका प्रवाशाला सांगू लागले, "हळू फिरवा जी. आताच बसवला."