आबांचे शेअर

पोलिसातल्या तीस वर्षांच्या नोकरीत किती जणांना मी चौकशीला बोलावलं, ते आता सांगता येणार नाही. त्यांतल्या एका म्हाताऱ्याला मात्र ज्या पद्धतीनं बोलावलं, त्याची बोच अजून गेलेली नाही.

तेव्हा माझी नेमणूक शिरूर तालुक्यात होती. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजूला भाजीपाला पॅक करून बाहेर पाठवणारी एक कंपनी होती. ती निघाली तेव्हा आसपासच्या गावकऱ्यांनीच तिचे शेअर घेतले होते. कुणी दहा, कुणी पन्नास. एके दिवशी टपालात निनावी अर्ज आला. कंपनीच्या तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांनी ‘कंपनी बुडतेय’ असं सांगून लोकांचे शेअर मूळ किमतीत स्वतःच्या नावावर करून घेतले, आणि चारच महिन्यांत मुंबईच्या एका मोठ्या कंपनीनं ते कितीतरी पट भावानं उचलले, असं त्यात लिहिलं होतं. शेवटची ओळ अशी होती की, गावातल्या निवृत्त पोस्टमननं कमिशन खाऊन लोकांना शेअर विकायला लावले.

अधिकारी पुण्यात राहणारे, वकील घेऊनच येणार. पोस्टमन हाताशी होता. मी भर बाजारच्या दिवशी जीप पाठवली आणि त्यांना आणवलं.

सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा. बौद्ध वस्तीत एकटेच राहायचे. बायको वारलेली, मुलगी दौंडला दिलेली. निरक्षर माणसांची पत्रं त्यांनी वर्षानुवर्षं वाचून दाखवली होती. मनिऑर्डरीतला एक रुपयाही कधी कमी पडला नव्हता. म्हणूनच ते ‘शेअर घ्या’ म्हणाले तेव्हा लोकांनी घेतले, आणि ‘विका’ म्हणाले तेव्हा विकले.

सकाळपासून त्यांना ठाण्यात बसवून ठेवलं. येणारा-जाणारा बघत होता. दुपारी समोर घेतलं.

“किती कमिशन मिळालं?”

“कसलं कमिशन, सायेब?”

“मग घरोघर फिरून शेअर का विकायला लावले?”

“कंपनीचे मोठे सायेब घरी आले व्हते. म्हणले, आबा, कंपनी टिकत न्हाई. लोकांचं पैसं बुडायच्या आत आम्ही तिघं पदरचं घालून शेअर घेतो. म्या लोकांना शेअर घ्यायला लावलं व्हतं, तवा सोडवायचं पन माझ्यावरच आलं की.”

मला ते खरं वाटलं नाही. सराईत माणूस भोळेपणाचं सोंग छान वठवतो, हे मी पाहिलेलं होतं. संध्याकाळी त्यांना सोडलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. असे चार दिवस गेले. मी कधी अरेतुरे केलं नाही की हात उगारला नाही. त्यामुळे आपण सभ्यपणे वागतो आहोत, असं मला वाटत होतं.

दरम्यान मोठ्या साहेबांचा जबाब झाला. हा माणूस शेजारच्याच गावात वाढलेला, पुण्यात शिकून वर गेलेला. त्यानं शांतपणे सांगितलं, “व्यवहार सगळा आबांनी जुळवला. त्यांना रोख रक्कम दिली आहे.”

पाचव्या दिवशी पंच घेऊन आबांच्या घराची झडती घेतली. दोन खोल्या होत्या. रोख काही मिळाली नाही. पत्र्याच्या पेटीत, पेन्शनच्या कागदांखाली, एक चेक सापडला. आबांच्या नावाचा, त्यांच्या वीस शेअरच्या मूळ किमतीचा. खाली मोठ्या साहेबांची सही. मुदत कधीच संपून गेली होती.

“हा बँकेत का भरला नाही?”

आबा ओशाळले. “त्यो सोताच बुडायला लागला व्हता, सायेब. लोकांचं दिलं त्येनं, लई झालं. आन् त्येच्याकडनं माझं पैसं कसं घ्यायचं?”

बरोबरचा हवालदार दाराबाहेर जाऊन उभा राहिला. मी पंचनामा लिहीत राहिलो. मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी तो चेक मी मोठ्या साहेबांपुढे ठेवला. “सही तुमची?”

त्यानं उलटसुलट करून पाहिला. “हा वटलाच नाही?”

“नाही. तुम्ही बुडताय म्हणून त्यांनी पैसे घेतले नाहीत. आणि तुम्ही सांगता, त्यांनी कमिशन घेतलं.”

वकील काहीतरी सांगत होते, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. मग तो म्हणाला, “आबांचं नाव काढा यातून. त्यांना काही माहीत नव्हतं.” त्यानंच कंपनीतला तो पत्रव्यवहार दाखवला. मुंबईच्या कंपनीनं खरेदीची तयारी कळवली होती, ती या तिघांनी पहिला शेअर घेण्याच्या तीन आठवडे आधी. तपासाची गाठ तिथंच सुटली. फसवणुकीचा गुन्हा पक्का झाला, तिघांना अटक झाली. यथावकाश जामीनही झाला. दोषारोपपत्रात आबांचं नाव साक्षीदारांत गेलं. माझ्या दृष्टीनं काम फत्ते झालं होतं.

पुरवणी जबाबासाठी त्यांना निरोप पाठवला, तर ते गावात नव्हते. मुलगी घेऊन गेली होती. मी दौंडला गेलो. जावई रेल्वेत होता. मुलीनं चहा ठेवला आणि न राहवून बोलली, “गावात कुणी बोलंना त्यांच्याशी. पारावर जाऊन बसले की लोक उठून जायचे. ‘पोलिसांनी चार दिस उगाच बसवलं का,’ असं त्वांडावर म्हणायचे.”

आबा वाळले होते. जबाब झाल्यावर त्यांनी विचारलं, “सायेब, कागदात म्या चोर न्हाई असं लिवलंय न्हवं?”

“साक्षीदार म्हणून लिहिलंय, आबा.”

“मग त्येवढं गावात येऊन सांगता का? तुमी सांगितलं तर ऐकतील.”

“सांगतो,” मी म्हणालो. मनापासून म्हणालो होतो.

पण आधी बंदोबस्त लागला, मग एक खून झाला, मग बदलीचा आदेश आला. ठाण्यापासून आबांचं गाव जीपनं जेमतेम अर्ध्या तासाचं. माझं जाणं झालं नाही. पुढच्या वर्षी जुन्या हवालदाराचा फोन आला, आबा दौंडलाच वारले. साक्ष द्यायची वेळ आलीच नाही. खटला अजून चालू आहे.

संशयिताला आणायला आम्ही जीप पाठवतो, सगळ्यांच्या देखत. तो निर्दोष निघाला तर मात्र त्याला बसस्टँडवर सोडून मोकळे होतो. त्यानंतरच्या नोकरीत ज्याच्या हातून काही झालेलं नाही अशी खात्री पटली, त्याला मी स्वतः घरी पोचवायला गेलो, आणि शेजारीपाजारी जमल्याशिवाय गाडीतून उतरलो नाही. लोक मला भला अधिकारी म्हणायचे. मी तो आबांच्या गावात व्हायला हवा होतो.