बोटीवरची चार पोरं

व्यंकटेशम अण्णांना मी एका गोष्टीचा शेवट सांगून टाकला, ही माझी चूक. त्यांनी तो विचारला नव्हता.

अण्णा आमच्या गल्लीतले टॉवेल विणणारे, वय पंच्याहत्तरच्या पुढचं. संध्याकाळी गच्चीवर खाटेला टेकून ते एक इंग्रजी गाणं म्हणत. घरची भाषा तेलुगू आणि इंग्रजी येत नसल्यामुळे त्यांच्या तोंडी त्यातले शब्द तेलुगूच वाटत. पोरवयात कारखान्याच्या रेडिओवर त्यांना ऑस्ट्रेलियाचं स्टेशन लागायचं. त्यावर चार तरुणांचा एक गट गायचा, आणि मधलं निवेदन कारखान्यातले शिकलेले दिवाणजी समजावून सांगत.

“गोदीवरची पोरं, सर. नाचाच्या हॉलात वाजवून सुरुवात केली. ड्रमवालं लई पक्कं, आपल्या मागावानी. ठोका चुकायचा न्हाय. मग एक गाणं असं चढलं, पोरी दारं मोडाय लागल्या की!”

“मग?”

“मग इंग्लंडला निगाली. बोटीवर रोज गायचं, त्यावर फुकट न्यायचं, असं ठरलं.”

त्याच सुमारास दिवाणजी गाव सोडून गेले, रेडिओही बिघडला. अण्णांच्या लेखी ती चौघं अजून समुद्रावरच होती. “आज वारं हाय. वर येऊन बसली असतील,” असं म्हणून ते दोरीवरच्या टॉवेलांकडे बघत राहत. मलाही क्षणभर गच्ची हलल्यासारखी वाटे.

मी इतिहासाचा शिक्षक. अर्धवट गोष्ट मला टोचते, असं मी स्वतःला सांगत आलो. एका रविवारी मोबाइलवर तो गट शोधला आणि अण्णांना वाचूनच दाखवलं. बोट पोचली. लंडनमध्ये कुणी विचारलं नाही. भांडणं होऊन गट फुटला. गाणारा परत जाऊन टायर विकू लागला. ड्रमवाला वारला.

अण्णांनी दोरीकडे पाहिलं. मग म्हणाले, “पोचली व्हय?” उठून टॉवेल काढू लागले. टॉवेल अजून ओलेच होते. “तुमी वाचलं ते बरोबरच असंल, सर.”

त्यानंतर गच्चीवरून गाणं आलं नाही. त्यांच्या सुनेनं मला वाटेत गाठलं. “सर, मामांना काय बोललात ओ? झोपेतबी गुणगुणायचे. आता गपच हाईत.”

“काही नाही,” मी म्हणालो आणि पुढे कित्येक महिने दुसऱ्या गल्लीनं शाळेत गेलो.

गेल्या आठवड्यात कारखान्यात गेलो. अण्णा मुलाच्या मागाशेजारी स्टुलावर बसले होते. तिथल्या खडखडाटात आवाजाचा उपयोग नसतो, माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. अण्णांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी घाईत काहीतरी पुटपुटलो. त्यांना कळलं नाही, त्यांनी मान हलवली आणि हातानं खूण केली, सावकाश.

मग मी ओठ पुरते हलवत, एकेक शब्द सुटा करत म्हणालो, “अण्णा, मला तुमच्या त्या बोटीचा हेवा वाटत होता. म्हणून वाचून दाखवलं. माफ करा.”