अक्षरं तिची, फोटो माझा

शाहीन गेल्याची बातमी मला परक्या माणसाकडून कळली, आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी मला राग आला. सकाळी लातूरच्या घरी मी मेथी निवडत बसले होते. केमिस्ट्रीच्या क्लासवाल्या सरांचा फोन आला. "मॅडम, तुम्ही नांदेडला निघालात का?" मी विचारलं, कशाला? ते म्हणाले, "शाहीन मॅडम पहाटे गेल्या. अटॅक आला म्हणतेत." तीस वर्षांची आमची मैत्री, आणि बातमी आधी क्लासवाल्याला. नंतर कळलं की तिच्या फोनवरचं शेवटचं बोलणं सरांशी झालेलं होतं, म्हणून तिच्या नांदेडच्या भावानं, ज्याच्याकडं ती गेली होती, पहिला तोच नंबर लावला. त्या शेवटच्या फोनचा विषयही मी सरांकडून काढून घेतला. त्यांच्या वेबसाइटवरच्या दोन ओळींमध्ये किती जागा सोडायची, यावर ती त्यांच्याशी भांडत होती. बसमध्ये मला रडू आलं ते अहमदपूर मागे पडल्यावर. तोपर्यंत मी रागातच होते.

तिचा चाळिसावा झाला त्या दिवशी तिचा भाऊ मला म्हणाला, "आपाबद्दल तुमीच लिवा, वैशालीताई. तुमाला जास्त माहीत हाय." मला जास्त माहीत आहे, हे खरंच. पण जे माहीत आहे त्यातलं निम्मं तरी माझ्या जळफळाटाचं आहे. ते वगळायचं म्हटलं तर हा लेख चार ओळींत संपेल. शाहीन हुशार होती, कष्टाळू होती, आमचं ऑफिस तिच्यामुळं चाललं, वगैरे. असं लिहिलेलं तिला आवडलंही नसतं. म्हणून वगळत नाही.

मी मूळची नायगावची. शाळेतला सुविचाराचा फळा माझ्याकडं होता आणि आमच्या वस्तीतला जयंतीचा फलकही दर वर्षी मीच रंगवायचे. 'पोरीचं अक्षर म्हणजे मोती' हे ऐकतच मी मोठी झाले. चित्रकलेच्या कोर्सला नांदेडला आले ती हीच मिजास घेऊन. शाहीन तिथं मागच्या बाकावर बसायची. तिचे अब्बा उर्दू पेपरात कातिब होते, म्हणजे अख्खा पेपर हातानं लिहून काढायचे. घरात ती उर्दूची अक्षरं बघत वाढली आणि शाळेत मराठी शिकली. पहिल्याच महिन्यात आमच्या सरांनी दोघींचे कागद भिंतीला लावले. माझ्या कागदापुढं पोरांची गर्दी झाली. वा, काय वळण आहे, असं जो तो म्हणत होता. तिच्या कागदापुढं पोरं उभी राहिली, त्यावरचा उतारा शेवटपर्यंत वाचला आणि त्या उताऱ्याबद्दल बोलत निघून गेली. मी त्या दिवशी खुशीत होते. तिच्याकडं बघून सर का हसले, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. माझं अक्षर लोकांनी पाहिलं होतं. तिचं वाचलं होतं.

कोर्स संपला त्याच सुमाराला भूकंप झाला. त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी औशाच्या बाजूला नवी गावं उभी राहिली, तेव्हा एका संस्थेनं आम्हा दोघींना तिथं नेलं. काम अगदी साधं होतं. घरांवर घरवाल्यांची नावं लिहायची. जुन्या गावात बोळ होते, चिंच होती, कुणाचा ओटा पुढं आलेला होता. माणसं डोळे मिटून घरी जायची. नव्या गावात सरळ रस्ते आणि सगळी घरं एका साच्यातली. माणसं शेतातून यायची आणि दुसऱ्याच्या घरात शिरायची. एक कलावतीबाई नावाची म्हातारी होती. घरातली माणसं गेलेली, एकटीच उरलेली. ती रोज चुकायची. चुकली की त्या परक्या दारात बसून राहायची, कुणीतरी हात धरून नेईपर्यंत... एक गल्ली मी घेतली, एक शाहीननं. मी सुतानं रेघा मारून, एका मापात, पुस्तकातल्यासारखी सुंदर नावं लिहिली. माझी गल्ली संपली तरी शाहीनची चार घरं झाली नव्हती. ती प्रत्येक दारात बसून चहा पित होती आणि बायकांना विचारत होती, तुमची गाय कसली होती, जुन्या घराचा दरवाजा कुठल्या रंगाचा होता. मग एका घरावर लठ्ठ अक्षरं, दुसऱ्यावर लांबुडकी, तिसऱ्यावर तिरकी. कलावतीबाईच्या 'क'चं पोट तिनं टोपल्याएवढं केलं. मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी म्हातारी दळण घेऊन आली, त्या 'क'च्या पोटावर हात फिरवला आणि सरळ आत गेली.

संध्याकाळपर्यंत माझ्या गल्लीतल्या बायका माझ्याकडं आल्या. "बाई, तुमचं लई झाक हाय. पण समदं येकसारखंच दिसतंय की. आमाला काय वाचाया येतंय? त्या बाईवाणी लिवा." अशा नाकाला मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू. मी माझी मोत्यासारखी नावं चुन्यानं पुसली आणि शाहीनकडं जाऊन विचारलं, आता कसं लिहू. तिनं नुसता दुसरा ब्रश माझ्या हातात दिला. ती दोन शब्द बोलली असती, चिडवलं असतं, तरी बरं वाटलं असतं. परतीच्या गाडीत मी ठरवलं, अक्षरांचं राज्य हिला राहू दे. मी चित्राकडं जाईन. तिथं तरी ही नसेल.

लग्न करून मी लातूरला आले, फोटो काढायला शिकले, कॉम्प्युटरवर ते सजवायला शिकले. माझ्या लग्नातली तिची गंमत सांगते. शाहीन मांडवात आली, तिच्या हातात पत्रिका होती. शालू नेसून बसलेल्या माझ्याकडं बघायच्या आधी ती म्हणाली, "वैशे, यातला 'शुभ'चा 'भ' मागं पडून राहिलाय बघ." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मला नुसता शाहीनचा हेवा वाटत नाही. त्या 'भ'चासुद्धा वाटतो. पुढं लातुरात क्लासचं पेव फुटलं. गल्लोगल्ली पोरं, वसतिगृहं, खानावळी, आणि प्रत्येक भिंतीवर पहिल्या आलेल्यांचे चेहरे. कामाला तोटा नव्हता. मीच शाहीनला बोलावून घेतलं आणि आम्ही दोन खोल्यांचं ऑफिस थाटलं. फोटो माझे, अक्षरं तिची. भागीदारी चांगली चालली, पण शेजारच्या खोलीतून तिचं "हां, आता बसलं" असं स्वतःशीच म्हणणं ऐकू आलं की माझं चित्र मला फिकं वाटायला लागायचं.

मग वेबसाइटा आल्या. आमच्याकडच्या पहिल्या साइटवर मराठी म्हणजे नुसता घोळ होता. आपल्याकडं दिसायची ती अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चौकोन होऊन बसायची. बाकीच्यांनी त्यावर सोपा तोडगा काढला, मजकुराचं चित्र करायचं आणि चिकटवायचं. मलाही तेच बरं वाटायचं, कारण चित्र म्हटलं की ते माझ्या हद्दीत येत होतं. शाहीन हटून बसली. चित्रातलं वाक्य शोधता येत नाही, मोठं करून वाचता येत नाही, ज्याचा डोळा अधू आहे त्यानं काय करायचं? खरी अक्षरं चालायला लागेपर्यंत तिनं दोन गिऱ्हाइकं घालवली. ती चालायला लागल्यावर नवीन हट्ट सुरू झाले. इंग्रजीच्या मापानं ओळी रचल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो, म्हणून जागा वाढवायची. लातूरचा 'ल' हिंदीच्या धाटणीचा दिसला की तिचं जेवण जायचं नाही, आपल्या शाळेतला दोन गाठींचा 'ल' येईपर्यंत ती साइट पुढं सरकू द्यायची नाही. गिऱ्हाईक दारात, आणि ही 'ल' घेऊन बसलेली. मी एकदा चिडून म्हटलं, "त्या गावात तर घरटी वेगळं अक्षर काढत होतीस. इथं सगळ्या पानांना एकच? मग तेव्हा माझं काय चुकलं होतं?" इतक्या वर्षांनी तोंडून निघालंच. ती कॉम्प्युटरवरून मान न उचलता म्हणाली, "तिथं घर सापडायचं होतं. इथं वाचायचंय." तिच्याकडं हे उत्तर आधीपासून होतं, याचाच जास्त त्रास झाला.

केमिस्ट्रीच्या सरांची साइट हे माझं सगळ्यात मोठं काम. सर म्हणाले होते, "मॅडम, पालक फोटो बघून येतेत. फोटो मोठा पायजे." मी जीव ओतला. वरती पहिल्या आलेल्या पोरांचे चेहरे, मागं सोनेरी उजेड, एकेक चेहरा हळूच पुढं सरकणार. शाहीनच्या वाट्याला खालचा भाग होता. प्रवेशाला कधी यायचं, कुठली कागदपत्रं आणायची, वसतिगृह कुठं आहे, तिथं अंथरूण मिळतं का. प्रवेशाच्या दिवशी आम्ही दोघी क्लासच्या दारात उभ्या होतो. माणसं गाड्या बदलून बदलून येत होती. इस्लापूरहून आलेल्या एका बापानं पोराची गादी डोक्यावरच आणली होती. मी मुद्दाम विचारलं, साइट पाहिली का? "हाव, पाहिली की. समदं बराबर लिवलंय. गादी आणा म्हनून बी लिवलंय." फोटो कसे वाटले? तो गोंधळला. "फोटू? फोटू न्हाई आले बा. आमच्याकडं रेंज न्हाई. नुसतं लिवलेलं आलं." मी आणखी दोघा-तिघांना विचारलं. कुणाकडं फोटो उघडलेच नव्हते. आणि कुणाचं काही अडलंही नव्हतं... शाहीन शेजारी उभी राहून गादीवाल्याला वसतिगृहाचा रस्ता सांगत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती जिंकल्यासारखी वागली असती तर मी तिथंच भांडले असते. तिनं तेवढीही सोय ठेवली नाही.

त्या दिवशी उसाचा रस पिताना मी तिला सरळ विचारलं, "शाहीन, तुला माझा कधी हेवा वाटला का गं?" तिनं ग्लास खाली ठेवला. मनापासून विचार केला. मग म्हणाली, "तुझा? काहून?" तिच्या चेहऱ्यावर खोटं काही नव्हतं, खरंच तिला कळलं नव्हतं. त्या दोन शब्दांचं काय करायचं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मला कमी लेखून ती तसं म्हणाली, की माझ्याबद्दल तसलं काही तिच्या मनात कधी आलंच नाही म्हणून? विचारायचं राहून गेलं. आता कुणाला विचारणार?

चाळिसाव्याला भावानं तिच्या कपाटातला एक जुना फोन माझ्याकडं दिला. "हा ऑफिसचाच ना? आपा यात उन्हात उभी राहून बघत राहायची." ऑफिसचाच. धर्माबादच्या एका दुकानातून तिनं तो शोधून घेतला होता, मुद्दाम वाईट बघून. काचेला तडा, उजेड मंद, त्यात अगदी स्वस्तातलं सिमकार्ड. कुठलंही पान तयार झालं की ती भर दुपारी गॅलरीत जाऊन त्यावर उघडून बघायची. पालकाच्या हातात असाच असतो, म्हणायची. मी तो घेऊन लातूरला आले.

गेल्या आठवड्यात मी तिच्या आठवणीचं एक पान आमच्या साइटवर केलं. वरती तिचा मोठा फोटो. मी काढलेला. ओढणी डोक्यावर अर्धी घसरलेली, कशाकडं तरी एकटक बघतेय आणि डोळ्यांत नुकतं हसू आलेलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो तो. खाली तिचं नाव आणि चार ओळी. दुपारी तिचा फोन घेऊन गॅलरीत गेले आणि पान उघडलं. नाव लगेच आलं. त्या तडकलेल्या काचेवर, डोळे दिपवणाऱ्या उन्हात, स्वच्छ. चार ओळीही आल्या, एकमेकींना धक्का न लावता. वरची जागा पांढरीच होती. बाई गं, म्हटलं, आज तरी मला पुढं जाऊ द्यायचं होतंस.

आतून नवऱ्यानं हाक मारली, "उन्हात काय करून राहिलीस? आत ये, वायफायवर बघ." वायफायवर फोटो झटकन आला असता, ते मलाही माहीत होतं. पण मला तो तिच्याच फोनवर यायला हवा होता. मी हलले नाही. बऱ्याच वेळानं वरून ओढणीची कड आली. मग थोडं कपाळ आलं, आणि तिथंच थांबलं. डोळे यायचे होते. मी फोनवर हाताची सावली धरून उभी राहिले.