जांभळाचा रोग

माझं काम सांगायला गेलं की लोक हसतात. झाडांच्या पानांवर काळे डाग पडतात ना, ते पाडणाऱ्या बुरशीची जात मी डीएनएवरून ठरवते. ही बुरशी प्रयोगशाळेत वाढवता येत नाही, जिवंत पानावरच जगते, म्हणून पानं गोळा करत हिंडावं लागतं. पूनम सागर सोसायटीतल्या आमच्या घरात मला पानवालीच म्हणतात.

मुर्धा गावात एका मावशींच्या अंगणात जुनं, उंच जांभूळ होतं. त्याची जांभळं मावशी भाईंदरच्या बाजारात नेऊन विकायच्या. त्या पानांवरचे डाग मला वेगळे वाटले आणि माझे हात शिवशिवायला लागले. कागदी पाकिटात पानं भरत होते, तेवढ्यात मावशी मागे येऊन उभ्या राहिल्या.

"काय झालाय गं बाय झाडाला?"

रिक्षा थांबवून ठेवली होती. शिवाय मला प्रश्न आवडत नाहीत, निदान माझ्याहून कमी शिकलेल्यांचे तरी. मान वर न करता म्हटलं, "रोग आहे, मावशी. बुरशीचा."

आमच्या पुस्तकांत पानावर ठिपका पडला तरी त्याला रोगच म्हणतात. ही बुरशी पानातलं थोडंसं खाते, तेवढ्याने झाड मरत नाही. शेजारच्या आंब्याला तर ती शिवतही नाही. हे सांगायला दोन मिनिटं पुरली असती.

पुढे डीएनए काढला, तर तो भलत्याच बुरशीचा निघाला. माझ्या बुरशीवर दुसरीच एक बुरशी ठाण मांडून बसली होती, चोरावर मोर. आता ताजी पानं हवी होती, म्हणून महिन्याभराने पुन्हा मुर्ध्याला गेले. अंगणात गुडघ्याएवढा बुंधा उरला होता.

आणि मी पहिलं काय विचारलं? "पानं कुठे टाकलीत?" हे लिहिताना आजही कानशिलं तापतात.

"जाळली ना बाय. तूच बोललीस, रोग हाय. मागं तीन आंबं हायेत, त्यांना लागला असता तं?" मग माझं तोंड बघून त्यांचाच चेहरा उतरला. "तुला परत पायजे व्हती का पानं? तुजा काम आडला का गं? मना ठावंच न्हाय."

झाड गेलं होतं त्यांचं, आणि ओशाळल्याही त्याच. मला लाजेने मेल्यासारखं झालं. मावशी, तसला रोग नव्हता तो, एवढंच म्हणायला मी तोंड उघडलं. पण बुंध्यावर हात ठेवून त्यांनी आधीच विचारलं, "येळेवर कापला म्हनून आंबं वाचलं, न्हाय का?"

"हो," मी म्हटलं.

त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, असं घरी पोचेपर्यंत मी स्वतःला समजावत होते. खोटं. मला फक्त तिथून निघायचं होतं.