पहिली ओळ

नौपाड्यातलं माझं दुकान रिकामं करताना फ्लॉपींचा डबा उघडला. जुन्या प्लास्टिकचा तो वास नाकात गेला आणि माझं डोकं स्वतःवरच फिरलं.

डोंबिवलीच्या माझ्या मित्राने, विनयने, मोठ्या फायली दाबून एका फ्लॉपीत बसवणारा प्रोग्राम लिहिला होता. तेव्हा इथे असं कुणी करत नव्हतं. विकायचं काम माझं. प्रोग्राम सुरू केला की पडद्यावर पहिली ओळ त्याच्या नावाची यायची.

"गिऱ्हाइकं विचारतात, हा कोण? तिथे दुकानाचं नाव टाक," मी म्हणालो.

"अरे, फाइल परत उघडल्यावर एक अक्षर गळू नये म्हणून वर्षभर मेलोय मी. आणि तू माझंच नाव गाळतोस?" तो हसत होता.

"तेवढीच जागा वाचेल रे."

मला कोडमधलं काही कळत नव्हतं, म्हणून ती ओळ त्यालाच पुसायला लावली. त्याने पुसली आणि चहा मागवला. तो हसला, याच आधारावर मी इतकी वर्षं निर्धास्त राहिलो.

परवा त्याच्या शोकसभेत कुणीतरी म्हणालं, "कॉम्प्युटरचं काहीतरी करायचे ते." संताप आला मला. काहीतरी म्हणजे काय, ते ठाऊक असलेला त्या सभागृहात मी एकटाच होतो. आणि मी खुर्चीतून उठलो नाही.