सरूकाकूंचं मुसकं

रोज सकाळी फोन वाजायचा आणि पलीकडून सरूकाकू ओरडायच्या, "मुसकं बांधलं गं!" मी हो म्हणायच्या आत फोन बंद. माझ्या नवऱ्याला वाटायचं, शेळ्यांची खबर देतात. खरं तर त्या गोळी घेतल्याचं सांगायच्या.

शिरड शहापूरला काकू आमच्या माहेरच्या शेजारीण. शेळ्या राखायच्या आणि सगळं जग शेळ्यांवरूनच समजून घ्यायच्या. स्तनातल्या गाठीचं ऑपरेशन झाल्यावर मी त्यांना नांदेडला दाखवायला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही गाठ इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढणारी होती. चुकून एखादी पेशी राहिली असेल तर ती वाढू नये, म्हणून रोज गोळी घ्यायची."

काकूंनी तिथंच हुज्जत घातली. "माही पाळी जाऊन जमाना झाला. मंग हे हार्मोन कुठून येऊन राहिलं?"

"चरबीत तयार होतं, खुद्द गाठीतही होतं. रक्तात थोडं असलं तरी गाठीत जास्त सापडतं. गोळी ते तयार होऊ देत नाही."

"म्हंजे गाठ चोरून दूध पिऊन राहिली व्हती! अन् गोळी म्हंजे मुसकं." करडानं आईचं दूध सोडावं म्हणून त्याच्या तोंडाला बांधतात, ते मुसकं. डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या.

पुढे गोळीनं सांधे दुखायला लागले. शेळ्यांमागे चालवेना, तशा काकूंनी गोळ्या फळीवर टाकल्या. मी रागावले, रडले.

"गाठ तं काढली. आता मुसकं कोणाला बांधू?"

त्याच आठवड्यात त्यांनी एका करडाचं मुसकं सोडलं. पाला खायला लागलं होतं, आईकडे ढुंकूनही बघत नव्हतं. मुसकं सुटलं मात्र, गडी थेट आईच्या पोटाखाली! संध्याकाळी काकूंचा फोन आला. "पोरी, ते काई भुललं न्हवतं. गोळी घेतली मी."

डॉक्टरीणबाईंनी दुखण्यावरही इलाज दिला, आणि तेव्हापासून रोजचा फोन सुरू झाला.

मागच्या महिन्यात एका सकाळी तो आलाच नाही. मीच फोन लावला.

"काहून घाबरून राहिली? तपासणी बराबर हाय. डॉक्टरीण म्हणली, पाच वर्सं भरली, आता गोळी बंद." मग म्हणाल्या, "आता सकाळी काय म्हून फोन करावं, ते सुचंना."

"चहा घेतला म्हणून करा."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी फोन वाजला. "च्या घेतला गं!" या खेपेला मात्र त्यांनी फोन ठेवला नाही.